पेठ आणि लेआउट

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातून बंगळूरला पोहोचण्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गावांतून निघते आणि नगरथपेठेतल्या एखाद्या जिन्याखालच्या खोलीत येऊन थांबते. तिथे भट्टी असते, मुशी असतात आणि सोने गाळत बसलेला गावाकडचाच कोणी मामा नाहीतर चुलता असतो. दुसरी वाट इंजिनिअरिंग कॉलेज, कॅम्पसची मुलाखत, पुण्यातली पहिली नोकरी असे टप्पे घेत सिल्क बोर्डाचा चौक ओलांडते आणि एचएसआर लेआउटमध्ये शिरते. या दोन ठिकाणांमध्ये दहा-बारा किलोमीटरचे अंतर आहे. दोन्हीकडची माणसे घरात मराठी बोलतात, जनगणनेच्या मातृभाषेच्या तक्त्यात ती एकाच आकड्यात मिसळून जातात, आणि तरी एकमेकांच्या घरी त्यांचे येणेजाणे जवळजवळ नाही.

या दोन बिऱ्हाडांची आर्थिक तुलना हा या पुस्तकाचा विषय आहे. ‘कोणाचे बरे चालले आहे?’ हा प्रश्न गावाकडे जितक्या सहज विचारला जातो, तितक्याच सहज त्याचे उत्तरही मिळते: इंजिनिअरचे. महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणारा पगार, वॉचमन असलेल्या सोसायटीतला फ्लॅट, मुले इंग्रजी शाळेत, अधूनमधून परदेशवारी. आम्लाच्या धुरात दिवस काढणाऱ्याची याच्याशी बरोबरी कशाला करायची, असे कोणालाही वाटेल. मला तसे वाटत नाही. येणारा पैसा अचानक थांबला तर घर किती महिने उभे राहते? अशा वेळी कोणाच्या दारात हक्काने जाता येते? डोक्यावर कर्ज कोणाचे आहे आणि कोणत्या अटीवर? पुढच्या पिढीला एक पायरी वर चढायची सोय आहे का? हे सारे पाहिल्याशिवाय कोणाचे बरे चालले आहे हे सांगता येत नाही, आणि पाहायला बसले की पारावरचे उत्तर टिकत नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. बंगळुरात मराठी माणूस आयटीबरोबर आला, असे एचएसआरमधल्या अनेक तरुणांना मनापासून वाटते. प्रत्यक्षात तो त्याच्या कितीतरी आधी आला. विजापूरच्या रणदुल्लाखानाने १६३८मध्ये शहर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या वंशजाकडून ते घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६६४मध्ये राजांचा मृत्यू झाला तो चन्नगिरीजवळच्या होदिगेरे येथे. त्यांची समाधी आजही तिथेच आहे. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरला गेले, १६८७मध्ये शहर मोगलांच्या हातून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले, पण मराठ्यांबरोबर दक्षिणेत उतरलेली मराठा, देशस्थ, शिंपी, भावसार घराणी इकडेच रुजली. म्हैसूरचे दिवाण पूर्णय्या देशस्थ होते, व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव हे विश्वेश्वरय्यांच्या आधीचे दोन दिवाणही देशस्थच. याच शहरात १९५०मध्ये एका मराठी पोलीस शिपायाच्या घरी शिवाजीराव गायकवाड जन्मले, शहराच्या बसमध्ये कंडक्टर झाले आणि पुढे रजनीकांत या नावाने जगाला माहीत झाले. ही मंडळी आता कर्नाटकाचीच आहेत. मराठा समाज तिथल्या मागासवर्गीयांच्या ३-ब प्रवर्गात मोडतो आणि २-अ प्रवर्ग मागतो. २०२०च्या नोव्हेंबरात त्यांच्यासाठी विकास महामंडळ जाहीर झाले तेव्हा कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला राज्यव्यापी बंदची हाक दिली होती. त्यांच्या सुस्थितीची तुलना करायची तर ती कर्नाटकातल्या इतर समाजांशी करायला हवी, म्हणून त्यांना या पुस्तकात जागा दिलेली नाही. इथे प्रश्न आहे तो ज्यांचे गाव अजून महाराष्ट्रातच आहे त्यांचा.

त्यातले गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळणारे, आधी. खानापूर आणि आटपाडी हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येरळा आणि माणगंगा वर्षातला बराच काळ कोरड्याच असतात. कृष्णेचे पाणी उपसून या भागात आणणारी टेंभू योजना १९९०च्या दशकात हाती घेतली गेली आणि शिवारात पाणी खेळायला त्यानंतरही बरीच वर्षे जावी लागली. त्याआधीच्या पिढ्यांना नुसत्या शेतीवर जगणे अशक्य होते. कोणीतरी एक जण सराफपेठेत सोने-चांदी गाळायला शिकला, त्याने भावाला बोलावले, भावाने मेहुण्याला. १९७२च्या दुष्काळाने या हळूहळू वाढणाऱ्या साखळीला लोंढ्याचे रूप दिले. आज दक्षिणेतल्या कोणत्याही मोठ्या सराफपेठेत विट्याकडचा माणूस भेटतोच, मग ते कोईमतूर असो की बंगळूर.

काम बघण्यासारखे आहे. मोडीत आलेला दागिना मुशीत टाकायचा, वर टाकणखाराची चिमूट, आणि ज्योत सोडायची. मळ वर येतो, धातू खाली चकाकतो, साच्यात ओतला की लगड तयार. टंच काढून त्यात सोने किती हे ठरते. शुद्ध करायचे असेल तर त्यात जवळजवळ तिप्पट चांदी मिसळून तो रस बारीक करतात आणि नायट्रिक आम्लात सोडतात. चांदी, तांबे विरघळते. तपकिरी धूर उठतो, डोळे चुरचुरतात. तळाशी मातकट रंगाची भुकटी उरते. ती भुकटी धुऊन पुन्हा गाळली की झळाळते सोने. विरघळलेली चांदीही सोडून देत नाहीत: त्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या ठेवल्या की चांदी खाली बसते. कारागिराच्या खोलीतला केरसुद्धा विकत घेतला जातो, कारण त्यात सोन्याचा कस असतो. काहीही वाया न जाऊ देण्यावर हा सगळा धंदा उभा आहे, आणि तोळ्यामागे मिळणारी मजुरी एवढी थोडी असते की दुसरा मार्गही नाही.

लाख रुपयांचे सोने हातातून जाते म्हणून हा माणूस श्रीमंत असणार, अशी बाहेरच्यांची समजूत असते. सोने गिऱ्हाइकाचे असते. गलाईवाल्याचे असतात ते कष्ट, जोखीम आणि विश्वास. २०२५मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेला, तेव्हा जोखीम वाढली. मजुरी त्या प्रमाणात वाढली नाही. पण या धंद्याची खरी ताकद ताळेबंदात दिसत नाही. दहावी झालेला मुलगा नातेवाइकाच्या दुकानात येतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो, काही वर्षे काम शिकतो. हात बसला की तोच मालक त्याला दुसऱ्या पेठेत किंवा दुसऱ्या गावात दुकान टाकून द्यायला मदत करतो. उरलेले भांडवल भिशीतून आणि भावकीतून उभे राहते. कागद नाही, तारण नाही. पैसे बुडवले तर गावात तोंड दाखवता येणार नाही, हेच तारण. बँकेने ज्याला उभे केले नसते अशा हजारो तरुणांना या पद्धतीने मालक केले, आणि महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात तिची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

सरकारी धोरणाचा प्रत्येक धक्का मात्र याच भट्टीला आधी बसला. १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, १९६८मध्ये त्याचा कायदा झाला, आणि १९९०मध्ये तो रद्द होईपर्यंत सोन्याला हात लावणारा प्रत्येक जण परवान्याच्या फेऱ्यात राहिला. त्यानंतरची वर्षे भरभराटीची. पुढे २०१६ची नोटाबंदी, २०१७चा जीएसटी, १६ जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्किंग. शुद्धता सांगणारे यंत्र दुकानात आले आणि टंच काढणाऱ्या नजरेची किंमत उतरली. मोठ्या रिफायनऱ्या आता थेट साखळी दुकानांकडून माल उचलतात. शिवाय चोरीचा दागिना कोणी गाळायला दिला तर चोराबरोबर गलाईवालाही पोलिसांच्या दारात उभा राहतो. या भीतीची नोंद कोणत्याही उत्पन्नाच्या पाहणीत होत नाही, पण ज्या घरात ती आहे ते घर सुस्थितीत आहे असे मी म्हणणार नाही.

आता लेआउटकडे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४०मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला, आणि सांगलीत १९४७मध्ये सुरू झालेले इंजिनिअरिंग कॉलेज आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या पिढीचे मराठी इंजिनिअर इथल्या सरकारी कारखान्यांत आले, कंपनीच्या वसाहतीत राहिले, निवृत्त झाले. ती वाट अरुंद होती. ती रुंद झाली १९८३मध्ये. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी, म्हणजे सांगलीच्याच माणसाने, त्या वर्षी विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. आणि दोन वर्षांपूर्वी पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस त्याच वर्षी बंगळूरला हलली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरी एकीने हजारो पदवीधर तयार करायला सुरुवात केली आणि दुसरीने ते कुठे जाणार याची दिशा दाखवली.

होसूर-सारजापूर रोड लेआउट हे एचएसआरचे पूर्ण नाव. आगरा तलावाच्या दक्षिणेला बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेले सात सेक्टर. मधूनमधून आगरा, परंगीपाळ्य, मंगम्मनपाळ्य, सोमसुंदरपाळ्य ही जुनी गावे अजून आपापल्या देवळांसह टिकून आहेत. एका बाजूला इलेक्ट्रॉनिक्स सिटीकडे जाणारा होसूर रस्ता, दुसऱ्या बाजूला कंपन्यांनी भरलेला आउटर रिंग रोड. सत्ताविसाव्या मेनवर संध्याकाळी फिरलात तर कॉफीच्या टेबलांवर लॅपटॉप उघडून बसलेल्या घोळक्यांत मराठी हमखास कानावर पडते: नागपूरची, पुण्याची, कोल्हापूरची. नवा आलेला पीजीमध्ये राहतो, मग मित्रांबरोबर फ्लॅट घेतो. इथे घरमालकाला कित्येक महिन्यांचे भाडे अनामत द्यावे लागते. पूर्वी दहा महिन्यांचे असायचे. पहिल्या नोकरीत एवढी रक्कम कुठून आणायची? बहुतेकांना वडिलांकडून. भिशी तिथेही आहे म्हणायची, फक्त ती एका घरापुरती असते.

पगाराचा कागद डोळ्यांपुढे धरा. बेसिक, घरभाडे भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, बोनसचा बदलता भाग, कंपनीच्या शेअर्सचा चार वर्षांत हळूहळू हातात येणारा वाटा. वर लिहिलेली वार्षिक रक्कम मोठी. तीच सोयरिकीच्या बैठकीत सांगितली जाते. महिन्याला हातात येते ती बरीच कमी, आणि फ्लॅट घेतला असेल तर तिचा मोठा हिस्सा वीस वर्षांच्या हप्त्यात जातो. आरोग्यविमा कंपनीचा, म्हणजे नोकरी आहे तोवर. २०२२च्या अखेरीपासून कपातीच्या लाटा आल्या तेव्हा या कागदाचे खरे रूप अनेक घरांना कळले. नोकरी गेली तर हप्ता पुढच्या पाच तारखेलाही द्यावाच लागतो, आणि भावकी शेकडो किलोमीटरवर. त्यातच २०२४च्या जुलैमध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांसाठी आरक्षणाचे विधेयक मंजूर केले. उद्योगांनी विरोध करताच ते काही दिवसांत बाजूला ठेवले गेले, पण आपण इथले आहोत की नाही हा प्रश्न लेआउटच्या दिवाणखान्यांत त्या आठवड्यात प्रथमच उघडपणे बोलला गेला.

हे पुस्तक लिहिताना अमेरिकेतल्या लेबनानी आणि इजिप्शियन लोकांचे उदाहरण सतत माझ्यासमोर होते. दोघेही अरबी बोलणारे, पण त्यांची स्थलांतरे अगदी निराळी. लेबनानच्या डोंगराळ भागातली माणसे १८८०च्या दशकापासून तिकडे जाऊ लागली. गावचा रेशमाचा धंदा ढासळत होता. त्यांनी पाठीवर गाठोडे घेऊन दारोदार माल विकला, मग दुकान टाकले, मग गावाकडच्या पुतण्याला बोलावले. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला फोर्डच्या कारखान्यानेही अनेकांना ओढले. इजिप्तची माणसे मोठ्या संख्येने गेली ती १९६५च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेचे दार उघडल्यावर, आणि त्यांच्यात डॉक्टर, औषधनिर्माते, इंजिनिअर पुष्कळ होते. कॉप्टिक ख्रिस्ती लोकांचा वाटा मोठा. पेठ आणि लेआउट यांच्याशी हे किती जुळते ते वाचकाला सांगायला नको. यात एक धोकाही आहे, आणि तो मी त्याच उदाहरणातून शिकलो. लेबनानी म्हणून जो सरासरी आकडा निघतो त्यात फेरीवाल्याची चौथी पिढी असते आणि १९७५ ते १९९०च्या यादवी युद्धातून जीव वाचवून आलेले कुटुंबही असते. त्या सरासरीचे माणूस प्रत्यक्षात कुठेच राहत नाही. म्हणून पुढच्या प्रकरणांत मी समाजाची सरासरी मांडलेली नाही. कोण केव्हा आले, हातात काय घेऊन आले आणि आल्यावर पहिला आधार कोणाचा मिळाला, या तीन प्रश्नांवर घरे लावून पाहिली आहेत.

त्यातून जे दिसले त्यातले थोडे इथेच सांगतो. बंगळुरात जाऊन पाहणी करणाऱ्याला गलाईवाला गरीब दिसतो, कारण तो दुकानावरच्या खोलीत राहतो. त्याचे घर गावाकडे आहे: स्लॅबचे, रंगवलेले, वर्षातले बरेच महिने कुलूपबंद. कमाई तिथल्या विहिरीत, डाळिंबाच्या बागेत, बहिणीच्या लग्नात, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारात गेलेली असते. दसऱ्याला विट्याच्या पालख्यांची शर्यत असते, तेव्हा कोणाचे कसे चालले आहे हे गाव डोळ्यांनी पाहते. इंजिनिअरचे सारे बंगळुरातच मांडलेले असते आणि त्यातले बरेचसे बँकेचे असते. पत्ता विचारून केलेली पाहणी एकाला खाली ढकलते आणि दुसऱ्याला वर.

दुसरी गोष्ट बायकांची, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी. लेआउटमधल्या घरात जिथे दोन पगार येतात तिथे पेठेशी असलेला फरक एकदम रुंदावतो; जिथे एकच येतो तिथे तो आश्चर्य वाटावे इतका कमी होतो. पेठेतली बाई पूर्वी गावीच राहायची, शेत आणि सासू-सासरे सांभाळायची. तिच्या त्या कामावर नवऱ्याचे दुकान उभे होते, पण हिशेबात ते कधी धरले गेले नाही. आता बऱ्याच जणी मुलांच्या शाळेसाठी शहरात आल्या आहेत आणि शेत वाट्याने द्यावे लागते आहे. हा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा, यावर मी बरेच दिवस घालवले. त्याचे उत्तर चौथ्या प्रकरणात आहे.

तिसरी गोष्ट, दोन समाजांमधल्या दरीपेक्षा प्रत्येक समाजाच्या आतली दरी मोठी आहे. स्वतःची जागा घेतलेला जुना गलाई मालक आणि त्याच्याच भट्टीवर राबणारा गावचा मुलगा यांना एका नावाने हाक मारून काहीच कळत नाही. स्टार्टअपच्या सुरुवातीला शेअर मिळालेला आणि तीन वर्षे कंत्राटी नोकरीवर काढलेला हे दोघेही इंजिनिअरच. भाषेच्या बाबतीत मात्र पेठ निर्विवाद पुढे आहे. भट्टीवरचा मुलगा वर्षभरात कन्नड बोलू लागतो, तमिळ-तेलुगूही जमेल तेवढी उचलतो, कारण गिऱ्हाईक समोर उभे असते. लेआउटमध्ये इंग्रजीवर सगळे भागते, आणि मग दवाखान्यात, पोलीस चौकीत, नळ बंद पडल्यावर ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी बोलताच येत नाही. शहराची भाषा येणे ही मालमत्ता आहे असे मी मानतो आणि तिची नोंद या पुस्तकात तशीच केली आहे.

काही विषय मी हात न लावता सोडले आहेत. बिदर आणि बेळगावकडून येणारे मराठीभाषक कामगार आणि ड्रायव्हर यांच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे. त्यांना शेवटच्या प्रकरणात गुंडाळणे हा त्यांच्यावर अन्याय झाला असता. शेअर बाजारातली गुंतवणूकही फारशी विचारली नाही. लोक तिच्याबद्दल मोकळेपणाने सांगत नाहीत.

मुलांबद्दल मात्र सगळे भरभरून बोलले. कर्नाटकात सरकारी कोट्यातून इंजिनिअरिंगला जायचे तर मुलाने राज्यात सात वर्षे शिक्षण घेतलेले असावे लागते, ही तिथली मुख्य अट. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून हवी. आठवीत बंगळूरला आलेला मुलगा दोन्हींच्या मधे अडकतो. जातीच्या दाखल्याचेही तेच: एका राज्यातल्या अनुसूचित जातीचा लाभ स्थलांतर केल्याने दुसऱ्या राज्यात मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्येच सांगितले आहे. म्हणून पेठेतला बाप मुलाला आजीजवळ विट्याला ठेवतो, बारावी करवतो आणि सांगलीच्या नाहीतर पुण्याच्या कॉलेजात घालतो. त्यातली काही मुले आता पदवी घेऊन परत बंगळूरला आली आहेत, एचएसआरच्या दुसऱ्या, तिसऱ्या सेक्टरात भाड्याने राहतात आणि रविवारी मेट्रोने चिकपेटेला उतरून वडिलांच्या दुकानात जेवायला जातात. दोन्हीकडचा हिशेब त्यांना ठाऊक आहे. पहिले प्रकरण त्यांच्यापासून सुरू होते.